गुणपत्रिकेसाठी कोइम्बतूर

वर्ध्याहून कोइम्बतूरला कापूस जातो, माणसं जात नाहीत. जिनिंगमधून गठाणी निघतात आणि कुठेतरी खाली दक्षिणेत, निलगिरीच्या पायथ्याच्या सूतगिरण्यांत उतरतात, एवढं आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या गावी आपणही तिकीट काढून जाऊ शकतो, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी, एका मे महिन्यात, मी पाच विद्यार्थी आणि दोन पोती भंगार घेऊन तिथे जाऊन आले. कॉलेजने जाऊ नका म्हटलं होतं. केवळ म्हणून गेले असं नाही, पण म्हणूनसुद्धा गेले.

निघण्याआधी

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं नोकरीत आहेत. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच पगार, आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. अशा माणसाने फळ्याकडे तोंड करून उभं राहावं आणि इकडेतिकडे बघू नये, अशी अपेक्षा असते.

लायब्ररीच्या रद्दीत मला एक छापील पत्रक सापडलं. कोइम्बतूरच्या एका संस्थेने कॉलेजच्या मुलांसाठी सर्जनशीलतेची स्पर्धा ठेवली होती. पाच जणांच्या संघाने टाकाऊ वस्तूंपासून यंत्र करायचं. वीज न वापरता, हात न लावता, त्या यंत्राने पाच वस्तू दहा फुटांवर एकामागून एक पोचवायच्या. त्याभोवती आठ मिनिटांचं नाटुकलं रचायचं, हिंदीत नाहीतर इंग्रजीत. आणि ठळक अक्षरांत एक अट होती: संघाबाहेरच्या कोणाचीही मदत चालणार नाही. शिक्षकाचीसुद्धा नाही.

मी पत्रक घेऊन प्राचार्यांकडे गेले.

"हे अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही सर."

"विद्यापीठाचं पत्र आलंय?"

"नाही."

"मग मी शिक्का कशावर मारू? मॅडम, आपल्या पोरांना साधा अर्ज धड लिहिता येत नाही. तिथे मोठ्या शहरांतली पोरं येतील. स्वतःचं हसं करून घ्यायला कॉलेजने पैसे घालायचे?" मी उठले तेव्हा त्यांनी जोडलं, "आणि जूनमध्ये तुमची मुलाखत आहे, तेवढं लक्षात असू द्या."

माझ्या ते चांगलं लक्षात होतं. म्हणूनच त्याच संध्याकाळी मी आयोजकांना पत्र टाकलं. कॉलेजचा शिक्का सक्तीचा नाही, शिक्षकाची सही पुरेल, असं उत्तर आलं.

तोवर संघ जमला होता. त्यात दोघं पुढे होते. एक वैशाली. तिचे वडील जिनिंगमध्ये फिटर. पान्याचा आकार बघून ती नटाचं माप सांगायची. दुसरा प्रवीण, किराणा दुकानदाराचा मुलगा. त्याला गप्प बसवणं हीच एक स्पर्धा होती. रजनी, मंगेश आणि अतुल हे बाकीचे तिघं. फॉर्मवर संस्थेच्या नावाची जागा रिकामी होती. वैशालीने पेन मागितलं आणि लिहिलं, 'वर्धा जिल्हा'.

"अगं, जिल्ह्याची परवानगी?" मी म्हटलं.

"कॉलेज नाई म्हनते न मॅडम? जिल्ह्याले कोन इचारते!"

राहिला खर्च. आम्ही तीन दारं ठोठावली. एका व्यापाऱ्याने चहा पाजला. एका मंडळाने पुढच्या वर्षी या म्हटलं. एका पुढाऱ्याने विचारलं, "पोरी बी जाणार का?" हो म्हटल्यावर त्यांचा उत्साह संपला. बाहेर आल्यावर रस्त्यातच प्रवीण थांबला. समोरच्या गच्चीवर एक माणूस कूलरशी झटापट करत होता.

"मॅडम, मार्च लागला. गावभर कूलर निघून राह्यले. आपून काऊन नाई करत?"

विदर्भात कूलरवाचून उन्हाळा निघत नाही, आणि आठ महिने पडून राहिलेला कूलर आपण होऊन चालू होत नाही. टाकीतला क्षार खरवडायचा, डांबर लावायचं, ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, पंपाला तेल द्यायचं. पेपर सांभाळून, रविवारी आणि सकाळी, आम्ही हे काम धरलं. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेला मी राहायची, तिथूनच सुरुवात केली. मीही गच्चीवर चढायची. यंत्राला मदत करायची मला बंदी होती, कूलरला नव्हती. माझ्याच विभागातल्या एका सरांनी मला डांबराच्या डब्यासकट पाहिलं आणि मान फिरवली. मी वरूनच मोठ्याने विचारलं, "सर, तुमचा झाला का कूलर?" दुसऱ्या दिवशी त्यांचाही कूलर आला.

एका घरी काकूंनी वैशालीला आडनाव विचारलं. तिने सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग तू मागच्या दारानं ये."

वैशालीने हातातली घमेली खाली ठेवली. "कूलर समोरच्या खिडकीत हाय काकू. मी समोरूनच जाईन. नाई तं घास तुमची तुमी भरजा."

बाहेर ऊन रणरणत होतं. काकू दारातून बाजूला झाल्या. कूलर भरून झाल्यावर पाणी विचारलं तेव्हा वैशाली म्हणाली, "घरून पिऊन आली." ते खरं नव्हतं. कोपऱ्यावरच्या हापशीवर ती बराच वेळ पाणी पीत होती.

मेपर्यंत जाण्यायेण्याची तिकिटं निघाली आणि तिथल्या जेवणाची सोय झाली. कोणाच्याही उपकाराविना.

गाडीत

नागपूरला गाडी पकडली. यंत्र सुटं करून दोन पोत्यांत भरलं होतं. सायकलची चेन आणि फ्रीव्हील, तेलाचा डबा, कूलरच्या टाकीतला पोकळ तरंगता गोळा म्हणजे फ्लोट, लाकडी पट्ट्या, भातुकलीतल्यासारखे पाच छोटे गुंड, म्हणजे पाण्याच्या कळश्या. यंत्राची युक्ती साधी होती. डब्यात पाणी पडतं, डबा जड होऊन खाली जातो, जाताना चेन ओढतो. तळाशी डबा रिकामा होतो आणि वर येतो. फ्रीव्हील एकाच दिशेने फिरतं, म्हणून चेन मागे येत नाही. दर वेळी एक गुंड पुढे. नाटुकलं नळावरच्या रांगेचं होतं: नंबर लावणारा दादा झोपलेला, आणि बायांचे गुंड आपले आपण पुढे सरकतात.

आमच्याकडे तिखट पुऱ्या, ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा. समोर सेलमला जाणारं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे चिंचभात आणि दहीभात. देवघेव झाली. त्या गृहस्थांनी ठेचा चटणी समजून बोटभर घेतला. नंतर ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांच्या बायकोने मात्र कागद मागून उरलेला ठेचा बांधून घेतला.

विजयवाड्याला एक फौजी चढला. त्याने लोखंडी पेटी बाकाखाली ढकलली आणि काहीतरी फुटलं. पोतं उघडलं तर फ्लोटच्या दोन वाट्या झालेल्या. हा फ्लोट टाकीतलं पाणी एका पातळीवर राखतो. तो नसेल तर डबा कधी लवकर भरेल, कधी उशिरा, आणि आठ मिनिटांचा मेळ बसणार नाही. फौजी बिचारा ओशाळला. मला एक उपाय सुचला होता. मी तोंड उघडलं.

"मॅडम, तुमी काई बोलू नका," वैशाली म्हणाली. "आमचं हाय, आमी पाहू."

शिक्षकाला उत्तर माहीत असताना गप्प बसणं किती कठीण असतं, हे मला त्या रात्री विजयवाडा ते काटपाडी कळलं.

कोइम्बतूर, हार्डवेअरची गल्ली

वर्ध्यात आम्ही भट्टी सोडून आलो होतो. इथे मे महिन्यात सकाळी गार वारा होता. रजनीने ओढणी कानांना गुंडाळली. स्टेशनजवळच्या खाणावळीत केळीच्या पानावर जेवलो. वाढणारा थांबेचना: सांबार, रस्सम, ताक, परत भात. मंगेशने जेवण झाल्यावर पान पलीकडे दुमडलं. खाणावळीच्या मालकीणबाई लगबगीने आल्या, चेहरा काळजीचा. त्यांनी पान उघडलं आणि आमच्या बाजूला दुमडून दाखवलं. पलीकडे दुमडतात ते मयताच्या जेवणात, असं खुणांनी समजावलं. मंगेशने कानाला हात लावला. मालकीणबाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि आणखी एक केळं दिलं.

मग फ्लोटचा शोध. पाच दुकानं झाली. तमिळ आम्हाला येईना, हिंदी त्यांना चालेना. सहाव्या दुकानात प्रवीण स्वतःच कूलर झाला. गाल फुगवून फूं फूं करत हात गरगर फिरवू लागला. दुकानदाराने आत जाऊन टेबलफॅन आणला. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला की या गावात कूलर नसतातच! आमच्याकडे पानठेल्यावर मिळणारी वस्तू इथे कोणी पाहिलेलीही नव्हती.

वैशालीने वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं: टाकी, दांडी, दांडीला गोळा. दुकानदार ओरडला, "फ्लश!" आणि संडासाच्या टाकीचा गोळा घेऊन आला. तो आमच्या फ्लोटपेक्षा मोठा होता, पण वैशालीने हातात तोलून मान हलवली.

पैसे देताना त्याने गाव विचारलं. 'वर्धा' ऐकताच तो टेबलावरून वाकला. तुटक्या हिंदी-इंग्रजीत त्याने सांगितलं की दुकान काढण्याआधी तो सूतगिरणीत गठाणी उतरवायचा. गठाणींवर काळ्या रंगात हे नाव असायचं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, वर्धा हे कुणा शेटजीचं नाव आहे.

"शेटजी नहीं," प्रवीण छाती ठोकत म्हणाला, "हम हैं वर्धा!"

स्पर्धेचा दिवस

बाकीच्या संघांचे एकसारखे टी-शर्ट होते, कापडी फलक होते. आमच्या यंत्रावर तेलाच्या डब्याचं अर्धं चित्र तसंच होतं. आमचा नंबर दुपारी लागला. प्रवीण नळावरचा दादा होऊन घोरू लागला. रजनी आणि मंगेश रांगेतल्या बाया झाले. वैशालीने तोटी सोडली. डबा खाली गेला, चेन कटकन सरकली, पहिला गुंड निघाला. चौथा मध्येच अडकला. मग डब्याच्या पुढच्या ओढीने तो सुटला. पाचवा पोचला तेव्हा आठ मिनिटांना काही सेकंद बाकी होते आणि सभागृह हसत टाळ्या वाजवत होतं.

परीक्षक तिघं होते. एक बाई वाकून डब्याचे सांधे बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, कुठल्या वर्कशॉपमधून करून आणलं?

"हमने बनाया," वैशाली म्हणाली.

बाईंनी मान हलवली. हा कथलाचा डाग दिलेला सांधा कारागिराच्या हातचा आहे, विद्यार्थ्याच्या नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं: बाहेरची मदत, गुण वजा.

मी उठले. संयोजकाने मला थांबवलं, शिक्षकाने बोलायचं नाही. मी बसले मात्र नाही.

वैशालीने पान्याकडे हात नेला. "खोल देते हैं. आपके सामने फिर से बनाते हैं."

एवढा वेळ नाही, असं बाई म्हणाल्या. तेव्हा पांढऱ्या मिशांच्या परीक्षकांनी आपली खुर्ची उचलली, आमच्या यंत्रासमोर आणून ठेवली आणि म्हणाले, "मेरे पास है." ते आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होते, हे नंतर कळलं.

यंत्र शेवटच्या नटापर्यंत सुटं झालं. वैशालीने तो सांधासुद्धा कापला. तिथल्या वर्कशॉपमधून स्टोव्ह आणि डाग द्यायचं लोखंड मागून आणलं. अतुलने पत्रा धरला, तिने कथील ओतलं. तासभर गेला असेल. बाकीच्या संघांतली मुलं हळूहळू भोवती जमली. मग पाणी सोडलं, डबा खाली गेला आणि चेन कटकन वाजली.

मिशीवाल्यांनी नव्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "किसने सिखाया?"

"बाप ने."

"तो फिर बाप की मदद हुई ना?"

"सिखाया बाप ने, बनाया मैंने. आपको किसीने नहीं सिखाया था क्या, सर?"

ते खुर्चीतच मोठ्याने हसले, वहीत काहीतरी लिहिलं आणि ऑफिसकडे गेले.

शेवटचा दिवस

बक्षीस समारंभात पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक जाहीर झाले. आम्ही कशातच नव्हतो. मग निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं, मागास भागातून आलेल्या संघासाठी खास प्रोत्साहनपर चषक, वर्धा जिल्हा!

टाळ्या भरपूर पडल्या. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. जूनच्या मुलाखतीत टेबलावर ठेवायला चषक कामाचा होता. वैशाली मंचावर गेली. पाहुण्यांनी चषक पुढे केला. तिने हात जोडले आणि माईककडे वळली.

"हम पिछड़े हैं, तो कितने नंबर से पिछड़े हैं, ये बताइए. कप रहने दीजिए. हमारी मार्कशीट दीजिए."

पाहुण्यांचा हात चषकासकट हवेत. मी टाळी वाजवली. एकटीने. मग आमचे चौघं उठले आणि वाजवू लागले. मागच्या रांगांतून आणखी काही टाळ्या आल्या.

गुणपत्रिका मिळाली ती बहुतेक आमची ब्याद टळावी म्हणून. ऑफिसच्या दारातच पाचही डोकी कागदावर वाकली. यंत्राला भरघोस गुण होते, नाटुकल्याला बेताचे. खाली मात्र ती ओळ तशीच होती: बाहेरची मदत, गुण वजा.

वैशाली मिशीवाल्यांना हाताला धरून घेऊन आली. त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याच दिवशी गुण परत द्यायला सांगितलं होतं. ऑफिसातल्या माणसाने ते केलंच नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच बेरीज केली आणि निकालाच्या यादीशी ताडली. आम्ही दुसरे होतो.

"मंग परत मांगा न ते बक्षीस!" प्रवीण तापला.

खिडकीतून दिसत होतं, दुसऱ्या क्रमांकाचा संघ चिंचेच्या झाडाखाली फोटो काढत होता. त्यातली एक मुलगी आमचं यंत्र पुन्हा जुळत असताना शेवटपर्यंत पाण्याची बादली धरून उभी राहिली होती.

वैशाली तिच्याकडे बघत म्हणाली, "त्याइनं काई चोरलं नाई." मग मिशीवाल्यांकडे वळून, "सर, कागज ठीक कीजिए. आप के हाथ से. और ऑफिस की कॉपी भी."

त्यांनी शाईच्या पेनाने ती ओळ खोडली, नवी बेरीज लिहिली, क्रमांकापुढे 'दुसरा' लिहिलं आणि सही केली. दोन्ही प्रतींवर. शिक्काही मारायला लावला. मग उभे राहून त्यांनी पाचही जणांशी हस्तांदोलन केलं. रजनीशी करताना म्हणाले, नाटुकल्यात पाठ प्रेक्षकांकडे होती, त्याचे गुण गेले, ते मात्र मी परत देणार नाही. रजनी हसली, आणि आम्ही सगळेच हसलो.

परत

परतीच्या गाडीत गुणपत्रिका हातोहात फिरत होती. आंध्र कधी सरला कळलं नाही. वर्ध्याला उतरलो तर फलाटावर उन्हाच्या झळा. तोंडावर भट्टीचं दार उघडावं तशा.

प्राचार्यांनी बोलावलं. कुठूनतरी त्यांना कळलं होतं. "अभिनंदन! चषक कुठाय? माहितीपुस्तिकेत फोटो टाकू."

"चषक घेतला नाही सर. हा निकाल."

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "ही तर खाडाखोड आहे. हिचं काय करायचं?"

"काही नाही सर. वैशालीची आहे, तिला परत द्यायची आहे."

जूनची मुलाखत लहानच झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पुन्हा परवानगी नसताना मुलांना बाहेर न्याल का?"

तयार करून नेलेलं उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं गुळगुळीत. ते आलं नाही. मी म्हटलं, "आधी परवानगी मागीन. नाही दिलीत तर नेईन."

त्यांनी दुसऱ्या कोणाला घेतलं. घरी आईने दोन दिवस अबोला धरला. तिचंही चुकलं नाही, माझ्या पगारावरच घर चालत होतं. तो जुलै कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. वैशाली तिसऱ्या वर्षाला गेली. एकदा ती घरी आली तेव्हा मी गुणपत्रिकेचं विचारलं. तिने सांगितलं, बाबांनी जिनिंगमध्ये नेऊन सगळ्या फिटरांना दाखवली आणि डाग चांगला की वाईट यावर तिथे भांडण झालं.

ऑगस्टमध्ये मला सिंदी रेल्वे या गावच्या एका कॉलेजात तास मिळाले. तासिका तत्त्वावरच. पहिल्याच आठवड्यात मी एक कागद लिहिला: 'हाताने काम करायला आवडतं अशी पाच मुलं-मुली हवीत. अनुभव नसला तरी चालेल. मधल्या सुटीत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत यावे.' खाली माझं नाव.

सूचना फलकाजवळ शिपाई उभा होता. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"मॅडम, याच्यावर साहेबाची सई नाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "चार टाचण्या द्या."